मुसळाच्या सात पिढ्या

"ड्राइंग मास्तर, तुमच्या त्या सरास्नी सांगा, माझं मुसळ मुकाट्यानं माघारी द्या म्हनावं! आठ म्हयनं झालं, कुटायचं म्हनलं की मी शेजारणीच्या दारात उभी! आमचं घर हाय का धर्मशाळा?"

हे सांगणारी बाई शाळेच्या व्हरांड्यात पदर नाकापर्यंत ओढून उभी होती, आणि आवाज असा की पाचवीच्या वर्गात चाललेला सतराचा पाढा जागच्या जागी गार पडला. ज्या सरांना हे सांगायचं ते तिच्यापासून चार हातांवर खांबाला टेकून उभे होते. मध्ये मी.

"सर, मुसळ परत द्या म्हणतात," मी मान उजवीकडे वळवून म्हणालो.

"त्यांना सांगा, ते मुसळ नाही. ते प्रतीक आहे."

मी मान डावीकडे वळवली. "प्रतीक आहे म्हणतात."

"असंल. पर मिरच्या त्येनंच कुटत्यात."

ही हौसा. सरांच्या धाकट्या भावाची, सोपानची बायको. थोरला दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी. धाकट्या सुनेनं त्याच्याशी थेट बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, ही त्या घरची रीत. ती तिनं बारा वर्षं काटेकोर पाळली होती. सरांना काही ऐकवायचं झालं तर ती माझं नाव घेऊन ऐकवायची, मी नसलो तर म्हशीचं. त्या दिवशी मान इकडून तिकडे करून करून माझी अशी अवस्था झाली की पुढे आठ दिवस फळ्यावरची आडवी रेघ मला उभी दिसत होती. शेवटी घंटा झाली, सर "बाविसावं प्रकरण संपलं की देतो" असं माझ्यामार्फत म्हणाले, आणि हौसा मोकळ्या हातानं तीन कोस चालत वस्तीवर परत गेली.

कारभारी सर आमच्या कर्जतच्या शाळेत मराठी शिकवायचे. नाव कारभारी, आणि कारभार म्हणाल तर त्यांच्या कोटाची बटणं आपापल्या काजात बसलेली मी पाच वर्षांत पाहिली नाहीत. माणूस ताडमाड उंच, आवाज देवळाच्या गाभाऱ्यातून आल्यासारखा, आणि डोक्यात एक कादंबरी. अकरा वर्षं ते ती लिहीत होते. आपल्या घराण्याच्या सात पिढ्यांची. पहिल्या चार पिढ्यांची नावंसुद्धा घरात कुणाला ठाऊक नव्हती, ही सरांच्या दृष्टीनं मोठीच सोय होती. कादंबरीचं नाव दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की बदलायचं. या सात पिढ्यांच्या इतिहासकारानं आठव्या पिढीची तजवीज मात्र केली नव्हती. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायचे, "कादंबरी हातावेगळी होऊ द्या." वाट बघून बघून मुलींचे बाप आजोबा झाले.

माझा या सगळ्यात वाटा एवढाच, की माझं अक्षर बरं. सर लिहायचे आणि मी त्याची स्वच्छ प्रत काढायचो. मोबदल्यात ते मला "कलावंत" म्हणायचे. अख्ख्या तालुक्यात मला कलावंत म्हणणारा तो एकच माणूस, त्यामुळे हात मोडेपर्यंत लिहिलं.

सरांचा सिद्धांत असा: "वस्तू बोलते, कलावंत. माणूस नुसता आवाज करतो." कुठलीही जुनी वस्तू दिसली की ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे, वस्तूवर नखानं दोनदा टिकटिक करायचे आणि कान लावायचे. मग डोळे मिटून म्हणायचे, "ऐका." मला कधीच काही ऐकू आलं नाही. एकदा आलं होतं, पण तो भुंगा निघाला.

तर घराण्याचा वारसा ज्या वस्तूंमधून बोलतो त्या सगळ्या निरीक्षणासाठी जवळ हव्यात, म्हणून सर दर रविवारी वस्तीवर जायचे आणि येताना काहीतरी उचलून आणायचे. अडकित्ता आणला. धान्य मापायची पायली आणली. तिकडे हौसा तांब्यानं ज्वारी मोजायला लागली. विहिरीवरचं मोटेचं चाक आणलं. विहीर आटलीच होती, दुष्काळाचं साल, म्हणून सोपान काही बोलला नाही. तसा तो एरवीही बोलत नसे. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं एक चिठ्ठी, माझ्या अक्षरात: अडकित्त्याला 'काळाचे दात', चाकाला 'नियती'. सरांच्या खोलीत एकच खाट. त्या खाटेवर वारसा झोपायचा आणि सर खुर्चीत.

आता कुलपाचं सांगतो. दोन शेर वजनाचं, गंजलेलं, किल्ली हरवलेलं कुलूप. त्याला चिठ्ठी 'घराण्याचे मौन'. त्याच्यावर सरांनी चाळीस पानं लिहिली. पणजोबांनी एक भयंकर गुपित पेटीत कोंडलं, किल्ली विहिरीत फेकली आणि मरेपर्यंत चकार शब्द काढला नाही. गुपित काय ते चाळीस पानांत सरांनीही सांगितलं नव्हतं, घराणंच तसं. मी ती पानं उतरवताना एवढा घाबरलो की मधूनच उठून आमच्या घराची कडी चाचपून आलो.

एके दिवशी त्या मौनाला तेलपाणी करावं म्हणून आम्ही ते लोहाराकडे नेलं. म्हातारा लोहार. त्यानं कुलूप उलटंसुलटं केलं आणि बोळक्या तोंडानं हसला.

"आरं कारभारी, हे तर माज्याच हातचं! तुझ्या बापानं बोकडाच्या खोपटाला नेलं हुतं. बोकड लई वांड. कडी शिंगानं काढायचा आन पळायचा."

मला हसू आवरेना. सरांनी टोपी काढली, टिकटिक केली, कान लावला.

"म्हाताऱ्याला आठवत नाही," ते शांतपणे म्हणाले. आणि वाटेत मला म्हणाले, "कलावंत, घडलेलं वेगळं आणि खरं वेगळं."

चाळीस पानांतला एक काना हलला नाही. फक्त पुढच्या आठवड्यात प्रकरणाच्या शेवटी एक बोकड येऊन उभा राहिला. चिठ्ठी असती तर 'वासना' अशी असती.

तलवारीचं तर सगळ्या कर्जतनं पाहिलं. स्नेहसंमेलनात ऐतिहासिक नाटक होतं आणि इतिहासाच्या मास्तरांना खरीखुरी तलवार हवी होती. सरांनी आजोबांची तलवार दिली. म्हणजे कशी दिली, तर हार घालून, हळदकुंकू वाहून, दोन्ही हातांवर आडवी धरून रंगमंचापर्यंत चालत. दुसऱ्या अंकात नायकानं पुठ्ठ्याच्या बुरुजावर घाव घातला. बुरुज उभा राहिला आणि तलवार ओल्या पापडासारखी दुमडली. गंज खरवडला गेला आणि आतून वनस्पती तुपाच्या डब्यावरचं हिरवं झाड बाहेर आलं. हसून हसून सगळा मांडव आडवा झाला. सोपान प्रेक्षकांत बसला होता. तो माझ्या कानात म्हणाला, "आवो, ही म्याच केल्ती. ल्हानपनी जत्रंत सोंग काढलं हुतं, तवा. दादा इसरला."

पण सर कसले हार मानतात! ते उठून उभे राहिले आणि गाभाऱ्यातल्या आवाजात म्हणाले, "पाहिलंत? पराक्रम असाच वाकतो!" टाळ्या पडल्या. पहिली टाळी मुख्याध्यापकांची. त्यांना नाटक संपल्यासारखं वाटलं होतं.

हे सगळं सांगायचं कारण, घडलेलं आणि खरं यांचा झगडा लागला की सर कुठे उभे राहतात याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका उरली नव्हती.

आणि या सगळ्या वस्तूंचा राजा ते मुसळ. बाभळीचं, तीन हात लांब, खाली लोखंडी कडं, आणि वरच्या टोकाला कोरलेल्या तीन खाचा. चिठ्ठी 'कणा'. कादंबरीप्रमाणे सात पिढ्यांपूर्वीच्या मूळ आजीनं याच मुसळानं दरोडेखोर पिटाळले. मग दर पिढीतल्या सासूनं ते मरताना सुनेच्या हाती दिलं. तीन खाचा म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य. कादंबरीचं पहिलं वाक्य मुसळाचं, शेवटचं वाक्य मुसळाचं, मध्ये सहाशे पानं, आणि त्यांतल्या बहुतेक प्रत्येक पानावर ते कुठे ना कुठे आदळलेलं.

बाविसाव्या प्रकरणाशी मात्र गाडी अडली. सर मला म्हणाले, "घराणं फुटल्याशिवाय कादंबरी संपत नाही, कलावंत."

"पण तुमचं घराणं फुटलेलं नाही."

"तीच तर अडचण आहे."

दोघा भावांचं कधी वाकडं आलेलं नव्हतं. सर पगारावर, सोपान शेतीवर, सातबारा बापाच्या नावावरून दोघांच्या नावावर एकत्र आलेला, कुणाला त्याची आठवणही नव्हती. सरांनी जाऊन वाटणी मागितली.

सोपानचा चेहरा पडला. "दादा, वाटनी कशापायी? माजं काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही."

"मंग?"

"तू करायची म्हण फक्त."

दादा म्हणतोय म्हणून सोपान हो म्हणाला. वस्तीवर लिंबाखाली घोंगडी पसरली, पाच पंच बसले. मुख्य पंच गणपत आबा. एकदा तोंडातून गेलेला शब्द आबा परत आत घेत नसत. म्हणून त्यांचे दात गेले अशी गावात समजूत होती. वाटणीची रीत तिकडे अशी की थोरल्यानं वाटे मांडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. मांडणाऱ्यानं लबाडी करू नये म्हणून ही तोड. ज्याला हात लागला तो वाटा त्याचा, तिथं फिरवाफिरव नाही.

सरांनी वाटे मांडले. उजवीकडे एक ढेकूळ आणि त्यावर सुपारी: म्हणजे आठ एकर जमीन, विहीर, बैलजोडी आणि घर. डावीकडे कुलूप, वाकलेली तलवार, अडकित्ता, पायली, चाक, एक विटकी चंची आणि मुसळ. चिठ्ठ्यांसकट.

पंच बघतच राहिले. आबा म्हणाले, "कारभारी, हे डावीकडचं काय? मोडीत घालायचं ऱ्हायलं व्हय?"

"तो दुसरा वाटा आहे, आबा. सोपानला कळेल."

सोपानला काही कळलेलं दिसत नव्हतं, पण मला कळलं होतं, कारण बाविसावं प्रकरण चार दिवसांपूर्वीच मी उतरवलं होतं. त्यात धाकटा भाऊ ढेकळाकडे पाठ फिरवतो, मुसळ छातीशी धरतो, थोरला हंबरडा फोडून त्याला मिठी मारतो आणि म्हणतो, "जमीन तुझीच रे!" मग तीन पानं अश्रू. सरांच्या खिशात त्या दिवशी धुतलेला रुमाल होता. पाच वर्षांत पहिल्यांदा.

सोपान उठला. डोकं खाजवलं. चिठ्ठ्यांकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि कुठलाही शहाणा शेतकरी करील तेच करायला, म्हणजे ढेकळाकडे, वाकायला लागला.

इतक्यात स्वयंपाकघरातून हौसा बाहेर आली. पंचांना आमटी-भाकरी घालायची होती, आमटीला येसूर, म्हणजे मिरच्यांचा मसाला, कुटायचा होता. सकाळपासून शेजारणीनं मुसळ दिलं नव्हतं. आणि बघते तर अंगणात, घोंगडीवर, तिचं मुसळ! पदर नाकापर्यंत, डोळे जमिनीवर; तिनं ते वाकून उचललं, खांद्यावर घातलं आणि आल्या पावली आत गेली. 'कणा' लिहिलेली चिठ्ठी तिच्या पाठीवर हेलकावत होती. आतून आवाज आला: धप्प. धप्प.

"उचलला!" आबा म्हणाले.

"आवो आबा, ती मिरच्या..." सोपान अजून वाकलेलाच होता.

"मिरच्या आसूं न्हाईतर मोती. घरधनिनीचा हात त्यो धन्याचा हात. थोरल्यानं मांडलं, धाकट्याच्या घरानं उचललं. डावा वाटा सोपानाचा. जमीन, हीर, बैलं, घर कारभारीचं. झालं."

बाकीच्या चार पंचांनी माना हलवल्या. मी म्हटलं, झाली कादंबरी! लिहिलं होतं अगदी तस्संच, मुसळासकट. सरही उठले. रुमाल काढला, हात पसरले आणि हंबरड्याला सुरुवात केली, "सोपान, जमीन तुझीच..."

"न्हाई दादा." सोपान सरळ उभा राहिला. मी त्याला इतकं मोठ्यानं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. "वाट्याची आसती तर कसली आसती. दान नगं. भावाच्या उपकाराच्या रानात मी नांगर धरनार न्हाई. पोरं घिऊन खडी फोडाया जाईन."

हे वाक्य बाविसाव्या प्रकरणात नव्हतं. सर हात पसरलेले तसेच उभे. मिठी मारायला समोर कुणी नाही आणि हात खाली घ्यायला सुचत नाही. दुष्काळी कामावर बारा तास खडी फोडणारी माणसं त्या वस्तीवर रोज दिसत होती. सोपान काय म्हणतोय ते तिथं प्रत्येकाला कळत होतं.

आतली धपधप थांबली. दाराआडून आवाज आला, "ड्राइंग मास्तर, पंचास्नी सांगा, मुसळ ह्या घरचं न्हाईच. माज्या म्हायेरचं हाय. आमी तिघी बहिनी. माज्या बापानं एका बाभळीची तीन मुसळं केली. थोरलीच्या मुसळाला एक खाच, कोल्हारला दिली तिच्या मुसळाला दोन. मी तिसरी, मला तीन. कोल्हारला मानूस धाडा, न्हाईतर खाचा मोजा म्हनावं."

मी पंचांना सांगितलं. त्यांनी ऐकलं होतंच, पण रीत ती रीत. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा रीतीनं तिघी बहिणी निघाल्या.

आबांनी बराच वेळ टाळू चोळली. मग म्हणाले, "कारभारी, वाटे तू मांडले, तवा तूच बोल. मुसळ घराण्याचं आसंल तर निवाडा झाला. सुनंच्या म्हायेरचं आसंल तर त्ये वाट्यात ठिवायचा तुला हक्कच न्हवता, आन मंग तिनं उचललं त्ये बी धरायचं न्हाई. बोल. तुझ्या शब्दावर हाय."

सोपाननं दाराशी जाऊन मुसळ आणलं आणि सरांच्या हातात दिलं.

मी मनातल्या मनात सरांच्या वतीनं बोलूनसुद्धा टाकलं: बाईला आठवत नाही. घडलेलं वेगळं आणि खरं वेगळं. बोकडासारखीच ती कोल्हारची बहीणही एखाद्या प्रकरणाच्या शेवटी जाऊन उभी राहील. अकरा वर्षं, सहाशे पानं, माझ्या बोटाला पडलेला घट्टा, हे सगळं त्या एका लाकडावर उभं होतं. वर आठ एकर जमीन फुकट.

सरांनी टोपी काढली. ठेवायला गुडघा नव्हता म्हणून माझ्या हातात दिली. मुसळावर नखानं टिकटिक केली. कान लावला. एवढा वेळ लावला की लिंबावरचा कावळासुद्धा मान वाकडी करून ऐकायला लागला. मग त्यांनी ती चिठ्ठी हातात धरली. दाढेनं दोरा तोडला, चिठ्ठीची घडी केली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

"हे आमचं नाही," ते म्हणाले. "हौसाबाईंचं आहे."

आवाज गाभाऱ्यातला नव्हता. साधा, चारचौघांसारखा होता. मी तो पहिल्यांदाच ऐकला.

"मंग मांडा परत वाटे," आबा म्हणाले.

"नको. वाटणीच नको."

"आन जेवान?"

"जेवण आहे."

"मंग हरकत न्हाई," आबा म्हणाले आणि पंचांनी हात धुतले.

पुढचं विचाराल तर कादंबरी छापली गेली नाही. पुढच्या रविवारी सरांनी सगळा वारसा बैलगाडीत घालून वस्तीवर पोचवला आणि अकरा वर्षांनी खाटेवर झोपले. काही दिवसांनी मी कर्जत सोडून नगरला सावेडीत राहायला आलो. वर्षाकाठी त्यांचं एखादं पत्र यायचं. त्यात प्रतीक नसायचं; पाऊस किती पडला, मोटेला पाणी लागलं का, सोपानची पोरं कितवीत गेली, एवढंच असायचं. वाचायला अगदी नीरस. मी सगळी जपून ठेवली आहेत.

पण सर मला आठवतात ते त्या दुपारचे. पंच जेवून गेले होते. आमटी अशी झणझणीत झाली होती की आबांना नसलेले दात दुखायला लागले. आम्ही कर्जतला परत निघालो. सरांनी चप्पल पायात सरकवली, टोपी घातली, कोटाची बटणं लावली, नेहमीप्रमाणे चुकीची, आणि उंबऱ्यापाशी अडखळले.

"कलावंत," दाराकडे न बघता ते मला म्हणाले, "हौसाबाईंना विचारा, इतके दिवस त्यांनी हे सांगितलं का नाही."

सवयीनं माझी मान डावीकडे वळली. पण हौसा दारात येऊन उभी होती. हातात मुसळ, पदर मागे सरकलेला. ती माझ्याकडे बघत नव्हती. बारा वर्षांत पहिल्यांदा ती थेट सरांकडे बघून बोलली.

"शाळंत येऊन सांगितलं हुतं की. माझं हाय म्हनून."